बाहेरून कडी

सरका जवळ. मागाहून झोप आली नाही तर मला बोल लावायचा नाही. ही ऐकीव गोष्ट नव्हे, माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेली आहे. सुतार होता तो. बोलून बोलून माणसाला तासून काढायचा, म्हणून आम्ही त्याला रंध्या म्हणायचो.

गेल्या वर्षीची, डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारची रात्र. नऊच्या सुमारास त्याला एका घरून फोन आला, दाराला कडी बसवायची आहे, आत्ताच्या आत्ता. एवढ्याशा कामाची इतकी घाई कशाला, असं त्याच्या मनात आलंच, पण गेला. दार सासूने उघडलं. सुनेला सातवा महिना होता. ती कोणाशी बोलत नाही, भरल्या ताटावरून उठते आणि रात्ररात्र रडते, म्हणून तिच्या खोलीला बाहेरच्या बाजूने कडी हवी होती. नाटकं आहेत नुसती, असं सासूचं म्हणणं. नवरा खाली मान घालून उभा. रंध्याला हे लक्षण काही ठीक वाटेना.

त्याची एक पद्धत होती. कडी बसवण्याआधी दिवा घालवायचा, दार लावून घ्यायचं आणि आत उभं राहायचं. बाहेरचा उजेड कुठल्या फटीतून येतो, त्यावरून दार कुठे नीट बसत नाही ते कळतं. तसा तो उभा राहिला. ती सून, पोरसवदा मुलगी, पलंगाच्या कडेला बसून होती.

अंधारात हुंदका ऐकू आला.

"रडू नकोस, पोरी."

"मी नाही रडत, काका." आवाज अगदी कोरडा. "मला रडूच येत नाही. सगळे पोटाची चौकशी करतात... माझी कोणी करत नाही. ती एकटीच करते."

"ती कोण?"

पुन्हा हुंदका... पलंगाच्या दुसऱ्या टोकाकडून.

त्याने दार उघडलं. उजेड आत पडला. मुलगी एकटीच होती. डोळे कोरडे.

बाहेर येऊन त्याने विचारलं, या खोलीत आधी कोण राहायचं?

सासूने तोंड फिरवलं. नवराच हळूच म्हणाला, "वहिनी. पोटातल्या बाळासकट गेली. तिलाही आम्ही कडी लावायचो."

रंध्याने हत्यारं पिशवीत भरली. कडी बसवणार नाही, आणि पोरीला डॉक्टरकडे नेल्याशिवाय इथून हलणारही नाही, म्हणाला. सासूने पुष्कळ आदळआपट केली, पण नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा आईचं ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा आजार आहे, गरोदरपणात पुष्कळजणींना होतो, बाई एकटी पडली की वाढतो आणि उपचारांनी बरा होतो. मुलगी बहिणीकडे राहायला गेली. औषध सुरू झालं, बोलायला माणसं मिळाली. महिन्याभराने बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून ती पोटभर रडली. हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

मार्चमध्ये रंध्या त्या घरी पुन्हा गेला, पलंग सुटा करायला. मुलगी बहिणीकडे गेल्यापासून खोली बंदच होती. सासूने कुलूप काढलं. कोंदट वास. पलंगावर धूळ, जाड.

त्याने उशी उचलली...

ओली होती. आणि कोमट.