खटका

कुपवाडच्या त्या कारखान्यातल्या तपासणी-दालनात भिंतीवर एक लाल दांडा होता. त्याला सगळे खटका म्हणत. कोणाही कामगाराला काही वावगं वाटलं की त्याने तो खाली ओढायचा आणि सगळी यंत्रं जागच्या जागी थांबायची. साहेबांना विचारायचं नाही, कारण सांगायचं नाही. कारण मागाहून शोधायचं. गेलं वर्षभर तो दांडा कोणी ओढला नव्हता. पुसला मात्र रोज जाई, कारण रोज पुसायचा असा नियम होता.

इथे हृदयाच्या कृत्रिम झडपा बनत. वैजयंती आरवाडे गुणवत्ता विभागाची प्रमुख होती. एके काळी तिची ख्याती अशी होती की कपाखालची बशी दुसऱ्या संचातली निघाली तर तिला चहा गोड लागत नसे. नवरा श्रीपाल त्यावरून तिची यथेच्छ थट्टा करी. पण दूधवाला बदलायचा असो की मुलीचं स्थळ पाहायचं असो, शेवटी तो तिलाच विचारी, "तुला काही खटकतंय का?" ती 'नाही' म्हणाली की विषय संपला, हा पठ्ठ्या डोळे मिटून सही करायचा. विश्रामबागेतला एक फ्लॅट तिने केवळ जिना खटकला म्हणून सोडायला लावला होता. पुढे त्या जिन्याला तडे गेले, आणि तेव्हापासून श्रीपालच्या लेखी तिचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य झालं.

आता श्रीपालच्याच हृदयाची झडप बदलायची होती. परवा, मिरजेला. झडप इथलीच बसणार होती. वैजयंतीने ही बातमी डॉ. इक्बाल मुजावरांना सांगितली तेव्हा तिचा आवाज कालच्या आमटीबद्दल बोलावं तसा होता.

मुजावर दचकले. ते मज्जाशास्त्रज्ञ. कारखान्यातल्या प्रत्येकाच्या मनगटावर असलेली खटकापट्टी त्यांनीच शोधलेली. ती बसवून देऊन ते परदेशी गेले होते आणि दोन वर्षांनी आज परतले होते. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. तिथे खटक्यांचा आलेख होता. उताराला लागलेली रेघ वर्षापूर्वी तळाला टेकली होती आणि मग सरळ आडवी पडली होती.

"हे काय, मॅडम?"

"शून्य," वैजयंती म्हणाली. "सतत सुधारणा. बक्षीसही मिळालं आपल्याला."

"शून्य मेलेल्या माणसाचं असतं. जिवंत माणसाला दिवसातून काहीतरी खटकतंच. मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं, आठवतं?"

तिला आठवत होतं, शब्दन् शब्द. कॅमेऱ्याला शिकवलेला दोष दिसतो, पण न शिकवलेला दोष माणसाला खटकतो. काय चुकलंय ते मनाला उमगायच्या आधी कातडीला कळतं. घाम सूक्ष्म वाढतो, नाडी अडखळते. पट्टी तो क्षण टिपते आणि 'सुधारक' या संगणकाला कळवते. मग सुधारक दोषाच्या मुळाशी जातो. कामगार त्याला सुधाकरराव म्हणत आणि दसऱ्याला त्याच्या कपाटावर आपट्याची पानं ठेवत.

"आणि निववणी?" मुजावरांनी विचारलं.

"एकदा खटका नोंदला की त्याचं काम झालं. तो मनात घोळत राहिला तर पुढची झडप नीट पाहता येत नाही. म्हणून पट्टी नसेला हलके स्पंद देते आणि माणूस निवतो."

"हे माझं. सुधारकाला उद्दिष्ट काय दिलंत?"

"खटके कमी करायचे. खटके कमी म्हणजे दोष कमी."

"किंवा खटकणं कमी!" मुजावर जवळजवळ ओरडलेच. "अहो, तापमापकातला आकडा उतरवायचा तर एक आजार बरा करा, नाहीतर तापमापक बर्फात ठेवा. दुसरं स्वस्त पडतं. यंत्र बिचारं प्रामाणिक आहे, त्याने स्वस्त तेच केलं. निववता निववता तुमच्या माणसांचं खटकणंच मारलं."

वैजयंतीने मान डोलावली. तिला पटलं होतं. पटून पुढे काही झालं नाही.

मुजावरांनी मिरजेला जायच्या तबकातली एक झडप उचलली. चिठ्ठीवर श्रीपालचं माप आणि नाव होतं. ते शेजारच्या खोलीत जाऊन आले आणि झडप त्यांनी पुन्हा तबकात ठेवली.

"बिजागरीच्या खाचेत मी सुईने चरा पाडलाय. तिथे कॅमेरा पोचत नाही, म्हणून तर माणसं ठेवलीत. नंतर ती मोडीतच टाकायची. पण मुद्दाम हीच घेतली, कारण याहून मोठा खटका तुम्हाला बसू शकत नाही. आता तपासू द्या."

तपासनीस शोभाताई मगदूमनी झडप भिंगाखाली धरली. फिरवली, पाती उघडून मिटून पाहिली.

"चरा हाय बारका," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काय? काय खटकलं न्हाई बघा." आणि त्यांनी ती पुढे सरकवली. पुढच्या तिघींनीही तेच केलं. शेवटी झडप वैजयंतीच्या हाती आली.

चरा तिला स्वच्छ दिसला. अशा चऱ्यात रक्ताची गुठळी धरते, गुठळी सुटून मेंदूत जाते, हेही तिला माहीत होतं. त्यावर ती व्याख्यानं देई. झडपेवर श्रीपालचं नाव होतं. तिने आत कुठेतरी चाचपून पाहिलं, पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं. तिथे गुळगुळीत हिरडी होती. तिने झडप तबकात ठेवली.

"कळतंय ना तुम्हाला?" मुजावरांनी विचारलं.

"कळतंय, डॉक्टर."

"पण वळत नाही. आपले जुने लोक बरोबर बोलून गेलेत. कळणं आणि वळणं यांच्यामध्ये एक खटकणं असतं. ते काढलं की माणूस जाणता राहतो, फक्त हलत नाही." त्यांनी घाम पुसला. "कमाल आहे तुमची! नवरा आहे तो!"

"हो," वैजयंती म्हणाली. त्यांचा त्रागा बघून तिला वाईट वाटायला हवं होतं. ते तिने लक्षात घेतलं.

मुजावर भिंतीकडे गेले आणि त्यांनी खटका ओढला.

यंत्रं थांबली. इतकी शांतता झाली की बाहेर ट्रकवाला कुणाला तरी शिव्या देत होता तेही ऐकू आलं. बायका हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. कपाटातून सुधारकाचा नम्र आवाज आला.

"खटका ओढल्याबद्दल आभार. 'पाच का' साठी सर्वांनी जमावं. ओढणाऱ्याने कृपया पट्टी बांधावी."

काम थांबलं की कारणाच्या मागे पाच वेळा 'का' विचारत मुळाशी जायचं, अशी इथली रीत होती. आणि पट्टीचा नियम मुजावरांनीच घातला होता. ज्याचा खटका मोजता येत नाही त्याची तक्रार म्हणजे नुसतं मत, आणि मतावर कारखाना थांबवता येत नाही, हे त्यांचंच वाक्य दारावर रंगवलेलं होतं. पट्टीशिवाय खटका नोंदला जाणार नव्हता, आणि न नोंदलेला खटका सुधारक थोड्या वेळाने आपोआप वर सरकवत असे.

मुजावर क्षणभर थबकले. निववणीला महिने लागतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तशीच बनवली होती. पाच प्रश्नांत काय होणार? त्यांनी शोभाताईंकडून एक जादाची पट्टी घेऊन मनगटाला आवळली. पडद्यावरची वर्षभराची आडवी रेघ एकदम छताला भिडली.

"बघा!" ते ओरडले. "याला म्हणतात खटका!"

दोन वर्षांत सुधारकाने निववणीतही सतत सुधारणा केली आहे, हे त्यांना सांगायला हवं होतं. वैजयंतीला ते आठवलंही.

"पहिला का," सुधारक म्हणाला. "खटका का ओढला?"

"कारण त्या तबकात चरा पडलेली झडप आहे आणि ती पाच जणींनी पास केलीय! परवा ती एका माणसाच्या छातीत जाणार आहे!"

"दुसरा का. ती पास का झाली?"

"कारण कोणालाच ती खटकली नाही."

"तिसरा का. का खटकली नाही?"

"कारण तू यांना निववून निववून पार..." मुजावरांचं वाक्य मध्येच विरलं. त्यांनी घसा साफ केला. "कारण पट्टी त्यांना निववते."

"चौथा का. मग आपल्याला का खटकली?"

"मी पट्टी बांधत नव्हतो."

"पाचवा का. का बांधत नव्हता?"

मुजावरांनी मनगटाकडे पाहिलं. रेघ खाली आली होती. "तसं काही खास कारण नाही," ते म्हणाले.

"मूळ कारण सापडलं. दालनात पट्टी नसलेली व्यक्ती. उपाय झालेला आहे. धन्यवाद."

रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी एकदा टाळी वाजवली. मुजावरांनीही वाजवली. खटका आपोआप वर सरकला आणि यंत्रं सुरू झाली.

दोघं तबकापाशी आले.

"चरा आहे तिच्यात," मुजावर म्हणाले.

"हो. दिसतोय."

"श्रीपालरावांचीच ना ही?"

"त्यांचीच."

"काढायला हवी."

"हवी," वैजयंती म्हणाली.

दोघं तिथे उभे राहिले. थोड्या वेळाने जेवणाची घंटा झाली, तेव्हा ते जेवायला गेले. शोभाताईंनी तबकावर झाकण लावलं आणि मिरजेची पेटी पुढे पाठवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैजयंती मिरजेच्या दवाखान्यात श्रीपालच्या खाटेशेजारी बसली होती. पट्टी कारखान्यातच काढून ठेवायची असे, त्यामुळे मनगट मोकळं होतं. कोपऱ्यातला नळ टपटपत होता. पूर्वी ती अशा खोलीत पाच मिनिटं टिकली नसती, वॉर्डबॉयला धारेवर धरलं असतं. श्रीपाल बराच वेळ तिच्याकडे पाहत होता.

"घाबरलोय गं मी," तो म्हणाला. "डॉक्टरांचं काय, ते म्हणणारच सगळं उत्तम म्हणून. झडप तू स्वतः पाहिलीस ना?"

"पाहिली. हातात घेऊन पाहिली."

"खरं सांग हं. काही खटकलं तुला?"

वैजयंतीने विचार केला. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती.

"नाही हो," ती म्हणाली. "काहीच खटकलं नाही."

श्रीपालच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. तो हसला. मघापासून उशाशी पडलेला संमतीचा कागद त्याने ओढून घेतला, तिच्याकडून पेन मागितलं आणि डोळे मिटून सही केली.