फिरकीचं पदक

मी खरं तर चौकातल्या सराफाच्या मोठ्या पेढीवर निघाले होते. ती नेमकी बंद! वरून पाऊस, छत्री घरी. म्हणून शेजारच्या टीचभर दुकानात शिरले. आत एक जण डोळ्याला भिंग लावून बसलेला. त्यानं भिंगासकट मान वर केली आणि मला हसूच फुटलं.

"बाबांचं लढाईतलं पदक आहे, याला भोक पाडून द्या. साखळीत घालायचंय." मी पदक पुढे ठेवलं. बाबा सैन्यात होते. ते गेल्यापासून पदक कपाटात काळं पडत होतं. शेवटी आईच म्हणाली, गळ्यात घाल, निदान उजेड तरी बघेल.

"भोक?" मी जणू त्याचाच कान टोचायला सांगितला होता. "अहो, लढाईत मिळवलंय हे!"

"मग झाळून कडी लावा."

"झाळायचं म्हणजे आच आलीच, आणि एकदा आच लागली की पदक पहिल्यासारखं होत नाही. उद्या वाटलं, दागिना नको, बाबांचं पदकच हवं... तर?" त्यानं ते अलगद तळहातावर घेतलं. "भोवती चांदीचं कडं करतो. वर बारीकशी फिरकी. ती फिरवली की पदक बाहेर, जसंच्या तसं."

"कधी मिळेल?"

"होईल... सावकाश."

मग काय, माझ्या खेपा सुरू झाल्या. मी त्याला सावकाशराव म्हणायला लागले, तो मला घाईबाई.

"झालं का कडं?"

"झालं होतं. मनाला येईना, मोडलं."

"पुन्हा?"

"का, घाई आहे?"

"छे! मला कसली घाई?"

आणि आम्ही दोघंही उगीचच रस्त्याकडे बघायचो. कडं का मोडतंय हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते.

एकदा साखळीचं माप बघताना त्याच्या बोटाचं काळं पॉलिश माझ्या हनुवटीला लागलं. "थांब, पुसतो—" तो बोलून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला. "थांबा म्हणजे... थांबा." ते पहिलं 'थांब' मी घरापर्यंत जपून नेलं.

आणि मावशीनं स्थळ आणलं. मुलगा चांगला, पण गाव लांबचं. आई म्हणाली, काय ते आज सांगून टाक. मी तडक दुकानात गेले.

"मला बघून गेले," मी म्हटलं.

त्याची कानस थांबली. "मग?"

"त्यांना पसंत आहे."

"आणि... तुम्हाला?"

"ते तुम्ही सांगा ना!"

त्यानं ड्रॉवर उघडला आणि साखळी माझ्या हातात ठेवली. पदक कड्यात बसलेलं, लखलखीत. देव जाणे कधीपासून तयार होतं! "फिरकी सैल झाली तर नखानं घट्ट करायची," तो खाली बघत म्हणाला. "आणि कधी काढावंसं वाटलं, तर—"

"अहो, एकदा तरी काहीतरी पक्कं करा! झाळून टाका की!" माझा आवाज चिरकला.

त्याचे ओठ हलले. मी वाट पाहिली. एकच शब्द हवा होता मला. हनुवटीवरच्या डागासाठी म्हणाला होता तोच. पण तो नुसता बोटांवरचं पॉलिश पुसत बसला. मीही हट्टी, 'सांगा ना' असं दुसऱ्यांदा म्हटलं नाही. घरी जाऊन आईला होकार सांगितला, आणि मग मोरीत नळ सोडून रडले.

नवरा चांगला आहे माझा. खरंच. जेवताना मीठ विसरले तर मुकाट्यानं उठून घेतो. फिरकी मात्र सैल व्हायची, आणि भाजी परतताना, फोनवर बोलताना, माझं नख आपोआप गळ्याशी जायचं. त्याच्या ते नजरेत होतं. वाढदिवसाला आंघोळीआधी काढून ठेवलेली साखळी त्यानं गुपचूप नेली. संध्याकाळी आला तो खुशीत.

"डोळे मीट." त्यानं ती माझ्या गळ्यात घातली. "सारखी घट्ट करत बसायचीस ना? इथल्या सोनाराला म्हटलं, दे झाळून. आता जन्मात सुटणार नाही!"

माझं नख सवयीनं वर गेलं. फिरकी नव्हती. तिथे गुळगुळीत उंचवटा होता.

"आवडलं?" त्यानं विचारलं.

"छान झालंय," मी म्हणाले, आणि नख तिथेच फिरत राहिलं.