न कापलेली पानं

ज्यांना हे पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. सख्ख्या भावाच्या नावाने थापा मारायची मला हौस नाही.

भुतं म्हणे रात्रीच येतात. आमच्याकडे आलं ते भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत.

दादाचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. मी त्याची धाकटी बहीण, गिऱ्हाइकं सांभाळते. आई-बाबा लवकर गेले. वेणी घालण्यापासून लग्न लावून देण्यापर्यंत माझं सगळं त्यानेच केलं. माझं माहेर म्हणजे दादाच.

दुकानाच्या मागे एक खोली आहे. खिडकी नाही. तिन्ही भिंतींना कपाटं, मधे टेबल, वर एक दिवा आणि सरकतं दार. किमती पुस्तकं तिथे तपासायची.

त्या दिवशी एक बाई कापडात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन आल्या.

"कसलं आहे, कुठल्या भाषेतलं आहे, केवढ्याचं आहे, तेवढं सांगा," म्हणाल्या. "तोवर राहू दे इथेच. घरी नको."

"का हो?"

फोन नंबर टेबलावर ठेवून त्या निघूनही गेल्या.

लिपी अनोळखी होती. भाषा येत नसली तरी दादा कागद, शिवण, छपाई बघून पुस्तक ओळखतो. या वेळी मात्र त्याचं डोकं चालेना. मग त्याने पानं चाळायला घेतली... आणि ती चाळताच येईनात.

"ठमे, इकडे ये!" लहानपणापासून तो मला ठमीच म्हणतो. "अगं, घड्या कापलेल्याच नाहीत!"

पूर्वी काही पुस्तकं मोठ्या कागदाच्या घड्या घालून तशीच शिवायचे. घेणाऱ्याने कडेच्या घड्या सुरीने कापायच्या, मग वाचायचं. न कापलेलं पुस्तक म्हणजे कोणीच न वाचलेलं. त्याला किंमत जास्त. दादाने आजवर अशी एकही घडी कापली नव्हती.

"कोरं करकरीत," तो खूश होऊन म्हणाला. "आत कोणाचा हातच लागलेला नाही."

त्याने एका घडीत बॅटरीचा उजेड टाकून डोकावलं. आणि बॅटरी माझ्या हातात दिली.

मीही डोकावले.

आत बोटांचे ठसे होते... जिथे बोट शिरूच शकत नाही तिथे.

"छापताना लागले असतील," मी म्हणाले.

"ओले आहेत ग."

तेवढ्यात आवाज आला.

खर्र... खर्र...

दादाच्या जिवात जीव आला. हसलाच तो. "हात्तिच्या! कसर आहे. कागद खातेय, आणि ती ओल तिचीच."

कसर लागली की ते पुस्तक तर जातंच, शेजारचं कपाटही जातं. घडी कापून कीड काढायलाच हवी. आमच्या धंद्यातल्या कोणीही हेच केलं असतं. त्याने कागद कापायची बोथट सुरी घेतली.

घडी कापल्याचा आवाज आलाच नाही. कोणीतरी श्वास सोडल्याचा आला.

आत कसर नव्हती. दोन्ही पानांवर अख्खे तळहात उमटले होते. आतून बाहेर ढकलून ढकलून कागदाला फुगवटा आला होता.

मागे दार सरकलं... आणि बंद झालं.

मी ओढलं. हलेना. त्या दाराला कडी नाही, कुलूप नाही. दादाने खांदा लावला, मी लाथा घातल्या. दुकानात फोन वाजत होता, तो ऐकू येईनासा झाला. मग रस्त्यावरच्या गाड्याही.

मग दिवा गेला.

"दादा!"

"इथेच आहे. घाबरू नको."

अंधारात त्याचा हात लागला. मी दोन्ही हातांनी मनगट आवळलं.

"ठमे..."

आवाज टेबलावरून आला होता.

"ठमे, काढ मला... अगं, इथे हात हलवायलासुद्धा जागा नाही..."

दादाचाच आवाज. रडवेला. बाबा गेले तेव्हाही मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं.

आणि माझ्या हातातलं मनगट हललंसुद्धा नव्हतं.

सोडू की धरून ठेवू, कळेना. सोडलं तर दादा जाईल असं वाटलं, म्हणून मी आणखी घट्ट धरलं.

दिवा लागला. दार उघडं होतं. दादा समोर उभा, अगदी शांत.

"काय ग, केवढी ओरडतेस!"

पुस्तक मिटलेलं होतं. त्याने ते उचललं, पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागला. भराभर, पेपर वाचावा तसं.

"मधमाश्या पाळण्यावर आहे," म्हणाला. मग भाषा सांगितली, गाव सांगितलं, छापणाऱ्याचं नाव सांगितलं.

"तुला ही भाषा कधीपासून येते?"

"येते की. चहा सांग."

ती भाषा जाणणारे एक प्राध्यापक मी शोधून काढले. दादाने फोनवर त्यांना एक पान वाचून दाखवलं. सगळं बरोबर निघालं. नंतर ते मला हळूच म्हणाले, "तुमचे बंधू शिकले कुठे हो? असे उच्चार करणारी माणसं कधीच संपली."

वहिनीला सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली. "हल्ली घोरत नाहीत, चिडत नाहीत, पुढ्यात येईल ते खातात. पहिल्यांदा सुखाने झोपतेय मी. तुझं आपलं काहीतरीच!"

त्या बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, विकून टाका. गिऱ्हाईकही मिळालं, लांबच्या देशातलं. एक घडी कापलेली चालेल म्हणाला. पण यापुढे एकही कापायची नाही, ही अट. उद्या सकाळी त्याचा माणूस न्यायला येणार आहे.

आज दुपारी मी सुरी घेऊन मागच्या खोलीत गेले. पुस्तकाला कान लावला.

खर्र... खर्र...

"दादा," मी म्हटलं, "कापते रे मी. थांब."

खरखर थांबली.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मागच्या वेळी एक बाहेर आला, तेव्हा एक आत गेला. आता कापली तर दादा बाहेर येईल... पण आत कोण जाईल? खोलीत मी एकटीच होते. घरी माझी दोन लेकरं माझी वाट बघत होती.

सुरी घडीपाशी नेऊन मी तिथेच थांबले.

"नको ग, ठमे," आतून आवाज आला. अगदी बारीक. "ठेव ती सुरी. जेवलीस का तू?"

"हो," मी म्हणाले. कालपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नाही.

बाहेरून चहासाठी हाक आली. त्याच आवाजात.

मी सुरी खाली ठेवली. पुस्तक अजून तिथेच टेबलावर आहे, आणि सकाळ व्हायला आता फार वेळ उरलेला नाही.