पालथा हात

जान्हवीची झोप उडाली होती ती किमयाच्या टाळूच्या वासानं. चार वर्षांच्या पोरीच्या केसांना तेलाचा वास यावा, घामाचा यावा. दारूचा कसा येईल? आठवडाभर ती रोज पहाटे उठून झोपलेल्या पोरीचं डोकं हुंगत होती आणि स्वतःलाच हसत होती. एम.एस्सी. झालेली बाई; आधी शिकेकाई, मग शाम्पू, मग लिंबू चोळून पोरीला न्हाऊ घालते आणि वास जात नाही म्हणून मोरीत बसून रडते. मनीषला सांगितलं तर तो म्हणाला, तुला आता सगळीकडे तेच दिसतं. तेही अगदीच खोटं नव्हतं.

लातूरहून आलेलं हे जोडपं भरे गावात रत्नाबाईंच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतं. मनीष हिंजवडीला नोकरीला. दिवाळीनंतर तो किमयाला सूस गावात एका वाढदिवसाला घेऊन गेला, तिथं दोस्तांबरोबर प्यायला, आणि येताना वाटेतल्या खिंडीत गाडी घसरली. पोरीच्या हनुवटीला टाके पडले. त्या रात्री जान्हवीनं त्याचा हात उचलून झोपलेल्या किमयाच्या डोक्यावर ठेवला. त्यानं शपथ घेतली, आणि पाळलीही. पण त्यानंतर जान्हवीला दुसराच घोर लागला. त्यानं मोडली तर? ती कुणाला लागेल? नवऱ्याला बांधायला आपण पोरीचीच खुंटी केली, हे तिला फार उशिरा कळलं. शपथांवर आपला विश्वास नाही, असं ती अजूनही लोकांना सांगत असे.

शुक्रवारी संध्याकाळी नेहमीसारखे लाइट गेले. रत्नाबाई ओट्यावर कंदील घेऊन तांदूळ निवडत होत्या. किमयाला आत निजवून जान्हवी शेजारी टेकली. वासाचं बोलायची लाज वाटली, म्हणून तिनं नुसतंच विचारलं, आधी या खोल्यांत कोण राहायचं?

त्यांचा मुलगा राहायचा, कैलास. भाताची खाचरं कंपनीत गेली तसा हाताला उद्योग राहिला नाही, आणि तो सकाळपासूनच सुरू करायचा. आळीतल्या चार घरांत हेच, असं रत्नाबाई तांदळातून नजर न काढता सांगत होत्या. सुनेनं, शुभांगीनं, शेवटी त्याला पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला.

जान्हवीनं पाय जवळ ओढले.

"पाळली न्हाई," रत्नाबाई म्हणाल्या. "मग रोज नवी. पिऊन यायचा, निजल्याली पोर उठवायचा, डोक्यावर हात ठिवायचा आन् रडायचा. पोरीच्या टाळूला वास मारायचा, बाई... न्हाऊन बी जायचा न्हाई."

शुभांगी लेकीला घेऊन रिहे गावी, माहेरी गेली, ती परत आली नाही. कैलास त्याच खोलीत एकटा गेला. रत्नाबाईंनी सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला.

"तिरडीवर बी उजवा हात सरळ झाला न्हाई. असा पालथाच... कुणाच्या तरी डोक्यावर ठिवल्यावानी."

हे आम्हाला खोली देताना का नाही सांगितलंत, मावशी? जान्हवीनं विचारलं.

"सांगितलं असतं तर ऱ्हायला आला असता व्हय?"

तेवढ्यात मोबाईल वाजला. मनीष होता. पलीकडे गाणी, हसणं. ऑफिसातला कुणीतरी अमेरिकेला चालला होता. "जानू, सगळे टिंगल करतायत. आजच्यापुरतं सोड ना शपथेतून. एकच..." ती काही बोलायच्या आत रेंज गेली.

ती ओट्यावर तशीच बसून राहिली. हो म्हटलं तर तो पिणार. नाही म्हटलं तरी पिणार, हे त्या आवाजावरून तिला कळलं होतं. रागावण्याइतकंही बळ उरलं नव्हतं. निदान पोरीला तरी यातून मोकळं करावं. लहानपणी गल्लीत खेळताना कुणी घातलेली शपथ त्यानंच 'सुटली' म्हटलं की सुटायची. तेवढं एकच शास्त्र तिला आठवत होतं.

मेणबत्ती घेऊन ती आत गेली. किमया गादीवर शहाण्यासारखी बसली होती, मान जरा खाली घालून, डोक्यावर काही पेलून धरावं तशी. खोलीत तो वास दाट होता... आता फक्त केसांना नव्हे. मेणबत्तीची ज्योत मात्र हलत नव्हती. जान्हवी गुडघ्यांवर बसली आणि तिनं तळवा लेकीच्या टाळूवर ठेवला. गार लागलं. केस असूनही गार.

"सुटली," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, तळवा दाबून, "सुटली..."

किमयानं मान वर केली नाही. तक्रार करावी तशी हळूच म्हणाली, "आई, हात काढ ना. खाली काकांचा हात आहे... तो दबतोय."