एकोणीस मिनिटांचा चित्रपट

सकाळी आठच्या सुमारास माडीवरच्या त्या खोलीत ऊन येत असे. प्रथम ते भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यावर टेके. मग टेबलावरच्या कपाच्या कडेवर, मग बोटांनी झिजलेल्या कीबोर्डवर, आणि शेवटी मॉनिटरच्या काचेवर येऊन नऊ वाजेपर्यंत तिथेच बसून राही. त्या तासाभरात काचेवर धुळीखेरीज काही दिसत नसे. खोलीत काम करणारे तिघेही त्या वेळी खुर्ची सोडून उठत आणि कुणी चहाला, कुणी फिरायला जाई. उन्हाला जणू त्यांनी रोजचा एक तास देऊन टाकला होता.

आज मात्र दहा वाजले तरी खिडकीचा पडदा ओढलेलाच होता, आणि उजेड त्याच्या विणीतून गाळला जाऊन, फिकट होऊन जमिनीवर पडला होता.

"नऊला आले तेव्हा पडदा असाच होता," चित्रकार मुलगी म्हणाली. "मी कशालाही हात लावलेला नाही."

तिने ज्यांना बोलावून आणलं होतं त्या बाईंनी पंचवीस वर्षं एका चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवला होता. चित्रपटगृह बंद पडल्यावर त्या लोकांच्या हरवलेल्या गोष्टी शोधून देऊ लागल्या. सोबत त्यांचे दीर होते, निवृत्त वकील. वही त्यांच्याकडे असे, आणि संशयही.

"काय हरवलंय, ते नीट सांग," बाई म्हणाल्या.

"चार मिनिटांचा चित्रपट. आमच्या गेमच्या शेवटी येतो. दोन वर्षं एकेक चित्र काढत होते मी. सगळी चित्रं या संगणकात होती, आणि प्रत कपाटातल्या डिस्कवर. आता इथेही नाही आणि डिस्कही नाही. आज संध्याकाळी पाचपर्यंत तो परगावच्या एका स्टुडिओला पाठवायचाय. पाठवला तर नोकरी पक्की. नाही तर ते दुसऱ्या कुणाला घेतील."

"शेवटचा हात कधी लावलास?"

"आज सकाळी सातला. शेवटचं चित्र बदललं. कुणाला दाखवलंही नाही. साडेसातला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले."

"किल्ल्या कुणाकुणाकडे?"

"मी, माझा भाऊ आणि आमचा संगीतकार. तिघांकडेच."

भाऊ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता. घरात त्याला बारक्या म्हणत, आणि उंचीने तो सगळ्यांत मोठा होता. गेमचा सगळा प्रोग्राम त्याने लिहिलेला.

"हे इंजिन एका हौशी माणसाने बनवलंय," तो बाईंकडे न पाहता म्हणाला. "त्याला स्वतःला चित्रपट दाखवता येत नाही. म्हणून गेम बाहेरचा प्लेयर उघडतो, आणि तो बंद होईपर्यंत गप्प बसून राहतो. चित्रपटाची फाइल गेममध्ये नसते, शेजारी असते. कुणीही उचलून नेऊ शकतं."

"आज सकाळी तुम्ही कुठे होता?"

"साडेसातला, ताई गेल्यावर, चाचणी लावली. त्यात गेम आपला आपण खेळतो, माणूस लागत नाही. मग नदीकडे फिरायला गेलो. साडेनऊला आलो, तर हिची रडारड."

"चित्रपट तुम्ही पाहिला असेलच."

"महिनाभरात नाही. पाहायचंय काय त्यात? दोन मुलं, एक नाव, शेवटी एक जण काठावर राहतो. संपलं."

"आणि ताई गेली तर पुढचा गेम?"

"ताई कुठे जातेय? दर वर्षी म्हणते."

संगीतकार आला तो आधीच चिडलेला. "माझ्यावरच येणार हे माहीत होतं मला. हो, भांडलो काल. तिने माझं अर्ध्या मिनिटाचं संगीत कापलं. अहो, शेवटी दोघं मुलं नाव वल्हवत दूर जातात. दोन वल्ह्यांचा ठेका धरलाय मी. त्यातलं एक वल्हं गाळून टाक म्हणाली. का, ते सांगेना."

"सकाळी इकडे आला होतात?" वकीलसाहेबांनी पेन सरसावलं.

"आठ पंचवीसला. माफी मागायला. जिन्यात उभा राहिलो, आत अगदी शांत होतं. कुणी नसेल म्हणून परत गेलो."

"किल्ली होती ना तुमच्याकडे?"

"किल्ली होती. धीर नव्हता." तो ओशाळला. "आणि आत जाऊन करणार काय? प्लेयर चालू असला तर मला तो बंदही करता येत नाही. कसल्या तीन कळा एकदम दाबायच्या असतात. दर वेळी बारक्याला हाक मारावी लागते."

"मलाही," चित्रकार म्हणाली.

जिना उतरताना दीर हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, हाच. भांडण आहे, किल्ली आहे, आठ पंचवीसला जिन्यात होता."

"भाऊजी, तुम्हाला शेवटी बोलणारा माणूस नेहमीच चोर वाटतो."

"वकिलीत असंच चालायचं."

"म्हणून तुमचे अशील तुरुंगात जायचे."

दुपारी तीन वाजता बाईंनी तिघांना पुन्हा त्या खोलीत बसवलं.

"गेम स्वतःची रोजनिशी लिहितो ना? आजचं पान वाच," त्या चित्रकाराला म्हणाल्या.

तिने वाचलं. "आठ बारा, बाहेरचा प्लेयर सुरू. आठ एकतीस, प्लेयर बंद. नामावली सुरू."

"म्हणजे सगळं आपोआप झालं," बारक्या म्हणाला. "चोर त्यानंतर आला."

"बघू या." बाईंनी संगीतकाराच्या तालमीचा एक छोटा व्हिडिओ हरवलेल्या फाइलच्या जागी ठेवून घेतला आणि गेम शेवटच्या प्रसंगापासून लावायला सांगितला. प्लेयर उघडला. मिनिटभर पेटी वाजली आणि संपली. शेवटचं चित्र मॉनिटरवर तसंच राहिलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. गेम गप्प होता.

"पुढे जात नाही का हा?" दिरांनी विचारलं.

"कुणीतरी बंद करा," बाई म्हणाल्या.

चित्रकाराने बारक्याकडे पाहिलं. संगीतकारानेही. बारक्याचा हात सवयीने पुढे आला, तीन कळांवर टेकला, आणि तसाच राहिला.

"भाऊजी, लिहा," बाई सावकाश म्हणाल्या. "आठ ते नऊ या काचेवर ऊन असतं, काही दिसत नाही. म्हणजे पडदा ओढला तो ज्याला चित्रपट पाहायचा होता त्याने. प्लेयर आपला आपण मिटत नाही. म्हणजे आठ एकतीसला या खुर्चीत माणूस होता, आणि तीन कळा त्याला ठाऊक होत्या."

"एवढ्यावरून?" बारक्या म्हणाला.

"एवढ्यावरूनच नाही. संगीतकारांच्या चित्रपटात दोन्ही मुलं नावेतून जातात. तुमच्या चित्रपटात एक काठावर राहतो." त्या चित्रकाराकडे वळल्या. "सकाळी सातला काय बदललंस?"

"एका मुलाला नावेतून उतरवलं," ती हळूच म्हणाली.

"ते चित्र आज सातच्या आधी जगात नव्हतं. महिनाभर चित्रपट न पाहिलेल्याला ते कसं कळलं?"

"चार मिनिटांचा चित्रपट एकोणीस मिनिटं चालला," बाई पुढे म्हणाल्या. "आठ सोळाला तो संपला. आठ पंचवीसला जिन्यात शांतता होती, कारण मॉनिटरवर नुसतं चित्र होतं. पंधरा मिनिटं तुम्ही त्या काठावरच्या मुलाकडे पाहत बसलात. इतका वेळ जो पाहतो तो खोडत नाही. डिस्क कुठे आहे?"

बारक्याने शर्टाच्या खिशातून डिस्क काढून टेबलावर ठेवली. "संगणकातलं सगळं हिच्यात हलवलं आणि नदीपर्यंत नेली होती," तो म्हणाला. "टाकवली नाही."

"वेड्या, मला विचारायचंस तरी," ताई म्हणाली.

"काय विचारणार? तू दर वर्षी म्हणतेस."

"दर वर्षी म्हणत होते. या वर्षी चित्र काढलं. तोंडाने सांगितलं की तू विषय बदलतोस."

तिने फाइल जागेवर ठेवली, पण ती पाठवायला बसली नाही. खुर्ची तिने बारक्यापुढे सरकवली. पाचला दहा मिनिटं कमी असताना त्याने ती स्वतः पाठवली, आणि मग न सांगता गेम पुन्हा लावला. नाव दूर गेली. संगीतात एकच वल्हं वाजत होतं. काठावरचा मुलगा उभा राहिला, आणि चित्र थांबलं.

दीर काही विचारणार होते. बाईंनी त्यांच्या वहीवर हात ठेवला.

बारक्याने तीन कळा दाबल्या. नामावली सुरू झाली. वर ताईचं नाव होतं, खाली त्याचं, आणि भिंतीवरच्या ज्या खिळ्याला तिची पिशवी असायची तो खिळा आठवड्यापासून रिकामा होता.

ताई जाणार होती.