अर्धी भाकरी

टेम्पो सुरू झाला आणि श्रुतीचा आडोसाच जायची वेळ आली.

सीवूड्स स्टेशनबाहेर, वडापावच्या गाडीपासून चार पावलांवर पाण्याच्या जारचा एक टेम्पो उभा असायचा. त्याच्या आड खाल्लं तर रस्त्यावरून कुणाला दिसत नाही, हे तिने बरोबर हेरून ठेवलं होतं. टेम्पोला मालक असतो आणि तो कधीतरी येतो, एवढंच तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मॅडम, जरा सरकता का? गाडी काढायचीय."

तोंडात घास, एका हातात अर्धा वडापाव, दुसऱ्या हातात अख्खा. श्रुतीला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. टेम्पोवाला उडी मारून खाली उतरला, जारमधून ग्लास भरला आणि तिच्यापुढे धरला.

"पहिल्यांदाच खाताय वाटतं."

"हो... म्हणजे, वर्षातून एखाद्या वेळी. डायट चालू आहे माझं."

"आणि तो दुसरा?"

"मैत्रिणीचा आहे."

त्याने मान वळवून शांतपणे चारही दिशांना पाहिलं. मैत्रीण कुठेच नव्हती. "मैत्रिणीला सांगा," तो मिशीत हसत म्हणाला, "गाडी रोज सहाला इथंच असते. आजच जरा लवकर काढली, सॉरी."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते श्रुतीला त्या दिवशी कळलं. तरी दुसऱ्या दिवशी सहा वाजता ती तिथे गेलीच. वडापाव खायला नव्हे. त्याचं नाव हितेश, राहायला जवळच्याच करावे गावात, वडील अजून खाडीत होडी घेऊन जातात, हे सगळं तिला पंधरवड्यात कळलं. महिन्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. आणि तो बोलता बोलता थांबून बघायला लागला की मानेवरचा घाम पुसायचं निमित्त करून तीच नजर खाली घालायची.

खाडीकाठच्या बांधावर ते दोघं फिरायला जात. हितेश शेंगांची पुडी आणायचा. श्रुती मोजून पाच शेंगा घ्यायची आणि "बास" म्हणायची.

"पाखरू आहेस काय गं तू?"

"सवय आहे."

सवय वेगळीच होती. बांधावरून घरी आली की ती ओट्यापाशी उभी राहून, दिवा न लावता, डब्यातला चिवडा मुठीमुठीने खायची. फ्रिजवर डायटिशियनने दिलेला तक्ता होता. दोन फुलके, वाटीभर डाळ, चार वाजता चणे, आठच्या आत जेवण. तक्त्यात काही खोट नव्हती. चारचौघांत श्रुती तो अगदी तंतोतंत पाळायची आणि एकटी असली की भूक सगळं वसूल करायची. आईला, म्हणजे अरुणाताईंना, वाटायचं, पोरगी एवढंसं खाते तरी वजन का घटत नाही?

या लपून खाण्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी साताऱ्याला चुलतभावाच्या लग्नात, भर पंगतीत काकी वाढप्याला म्हणाली होती, "श्रुतीच्या पानात जरा बेतानंच वाढा हं." चाळीस माणसं हसली. काकीला दुसऱ्या दिवशी आठवतही नसेल. श्रुती मात्र तेव्हापासून लोकांसमोर पोटभर जेवली नव्हती.

मग हितेशने तिला रविवारी घरी जेवायला बोलावलं.

आता हिने काय करावं? तर निघण्याआधी घरी तीन थालीपिठं खाल्ली, लोण्यासकट. म्हणजे तिथे भूकच लागणार नाही, आणि त्याच्या आईसमोर हात आखडता घेणं सोपं जाईल.

हितेशच्या आईने, गोजराकाकूंनी, पहाटे उठून चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, आणल्या होत्या. रस्सा, तळलेले बोंबील, तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या. वासाने श्रुतीचा जीव कासावीस झाला, पण पोटात तिळाएवढीही जागा नव्हती. तिने अर्धी भाकरी मोडली, रश्शात दोनदा बुडवली, चिंबोरीला तर हातही लावला नाही.

"घे ना पोरी."

"नको काकू. डायट आहे माझं."

काकूंनी भाकरी घेऊन पुढे केलेला हात मागे घेतला. "आमच्या घरचं चालत नाय काय तुला?" त्यांनी हळूच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ताट उचललं.

हितेश तिला सोसायटीच्या फाटकापर्यंत सोडायला आला. फाटकाशी म्हणाला, "फ्लॅटवाले येतात आमच्याकडं. नाकाला रुमाल लावून बसतात. त्यांचं वाईट नाही वाटत, सवय झालीय. पण तू... रस्त्यावरचा वडापाव चालतो तुला, श्रुती. माझ्या आयेच्या हातची भाकरी चालली नाही."

"तसं नाहीये रे—"

"मग कसं?"

श्रुती फाटकाची कडी चाळवत राहिली. सांगायचं तरी काय? तो दोन क्षण थांबला आणि निघून गेला.

सोमवारी सहाला टेम्पो नव्हता. मंगळवारीही नव्हता. दोन दिवस श्रुतीने स्वतःशी भांडण केलं. गप्प बसलं तर निदान अब्रू राहत होती. मुलगी शिष्ट निघाली, एवढंच लोक म्हणतील. खरं सांगितलं तर मुलगी खादाड आणि वर खोटारडी. शिष्ट म्हणवून घेणं तिला कितीतरी सोपं वाटत होतं. पण काकूंचा तो मागे गेलेला हात काही केल्या डोळ्यांपुढून जाईना.

बुधवारी ऑफिसातून ती थेट कराव्यात गेली. काकू ओसरीवर सुकट निवडत होत्या. हितेश पायरीवर बसला होता, तिला बघून उठून उभा राहिला.

"काकू, मी त्या दिवशी घरून खाऊन आले होते," श्रुती उभ्या उभ्याच म्हणाली. थांबली असती तर पुढे बोलणं झालंच नसतं. "तीन थालीपिठं. मला खूप भूक लागते... आणि लोकांसमोर खायची लाज वाटते. म्हणून मी आधी लपून खाते. तुमची भाकरी मला हवी होती. पोटात जागाच नव्हती."

कान तापले, पायाखालची फरशी गार लागत होती. कुणी हसलं नाही.

"मला वाटलं, तुला आमची लाज वाटते," हितेश म्हणाला.

"माझी मलाच वाटते. तुमची कशाला वाटेल?"

काकूंनी सुकटीचं सूप बाजूला सारलं. "चोरून खाल्लेलं अंगी लागत नाय पोरी."

"लागतं हो काकू. अठ्ठ्याहत्तर किलो लागलंय."

आकडा तोंडातून गेला तेव्हा श्रुतीला स्वतःलाच धक्का बसला. तो तिने आईलासुद्धा खरा सांगितला नव्हता. काकू पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेजारची रखमा डोकावून गेली. त्या हसण्यात टोचणारं काहीच नव्हतं, आणि श्रुतीही रडता रडता हसायला लागली.

"किती भाकऱ्या टाकू?" काकूंनी उठताना विचारलं.

"दोन," श्रुती म्हणाली.

चुलीवर तवा चढला, शेजारी रस्सा गरम व्हायला लागला. हितेश तिच्यासमोर मांडी घालून बसला, मग काय वाटलं कोण जाणे, उठून शेजारी आला.

"समोर बसलो तर तुला लाज वाटेल ना."

"वाटेल. तरी बस समोर."

"रोज बसू?" तो तव्याकडे बघत म्हणाला. कान त्याचेही लाल झाले होते. "म्हणजे... कायमचा. विचार करून सांग, घाई नाही."

श्रुतीने पहिल्या गरम भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि त्याच्या डोळ्यांत बघत सावकाश खाल्ला. मग म्हणाली, "बस."