चित्रातला शिपाई

"जमादारसाहेब, माह्या घरातला माणूस चोरीले गेला."

"कोण?"

"चित्रातला."

माणिकराव जमादारांनी हसू गिळलं. बासष्ट साल सरत आलं होतं, आणि देऊळघाटच्या या अन्नपूर्णाबाईंचा एकुलता एक शालिग्राम चीनच्या सीमेवर बेपत्ता होता. अशा बाईला कोणत्या तोंडानं परत पाठवायचं? त्यांनी मुकाट्यानं सायकल काढली.

बाईंच्या घरात भिंतीवर रंगवलेली लाकडी फळी होती. इटलीत पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी रंगवलेली घोडेस्वारांची लढाई. शालिग्रामनं पुस्तकात पाहून तिची नक्कल केली होती, तीही त्यांच्याच रीतीनं, अंड्याच्या बलकात रंग कालवून. माळकरी घरात अंडी! बापानं त्याला चित्र होईस्तोवर गोठ्यात बसवलं होतं.

भाले उभे, घोडे उधळलेले. खाली मात्र नुसती माती.

"इथं एक शिपाई पडेल होता. पोरानं गमतीनं त्याले सोताचंच तोंड काढलं. त्याचा फोटो बी नाही हो आमच्याजवळ." बाईंचा आवाज सपाट होता.

"रंगवता अजून कोणाले येते?"

"त्याच्या दोस्ताले, इंद्रभानले. पण तो दिवाळीपासून नांदुऱ्याले हाय, कापसाच्या जिनिंगवर."

माणिकरावांनी बोट ओलं करून घोड्यावर फिरवलं. काहीच निघालं नाही. मातीवर फिरवलं, तर बोट तपकिरी झालं.

"हे काल-परवाचं काम हाय. जुना रंग पाण्यानं निघत नाही."

कोपऱ्यात शालिग्रामचे वडील, नारायणराव, बसले होते. उघड्या गळ्यावर फिकट रेघ होती, आणि तुळशीची माळ खुंटीला.

"माळ काऊन उतरवली, नारायणराव?"

नारायणरावांचा हात उघड्या गळ्याकडे गेला.

"बाई, शिपाई कोणी नेला नाही, झाकला. शालिग्रामचे रंग घरातच होते, पण ते अंड्याबिगर लागत नाहीत. अंड्याले हात लावाचा म्हणून यायनं माळ उतरवली. मंग पुन्हा घालाची हिंमत झाली नाही."

नारायणराव भुईकडेच पाहत राहिले.

"जेवाले बसलो की समोर तेच. लेकरू भुईवर पडेल. घास उतरे ना."

बाईंनी फडकं भिजवून नवऱ्याच्या हातात दिलं.

"तुमीच झाकलं. तुमीच उघडा."

त्यांनी पुसलं. आधी नाक दिसलं, मग मिटलेले डोळे. दोघंही रडले नाहीत.

बाईंनी ताट वाढलं. नारायणराव चित्राकडे तोंड करून जेवायला बसले.